इंजिन उघडायच्या आधी: पद्मिनीचं मोठं काम घरी करायचं की नाही, हे ठरवायची रीत

जुनी फियाट किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्या मंडळींचे मला वर्षातून चार-पाच तरी फोन येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "हेड उतरवलंय, आता पुढे काय करू?" बॉनेट भिंतीला टेकवलेलं, सगळे नट-बोल्ट श्रीखंडाच्या एकाच डब्यात, आणि प्रश्न आता पडलेला. तो दोन आठवडे आधी पडायला हवा होता. न उघडलेलं इंजिन बरंच काही सांगतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते), ऑइलचा दाब, खालचा आवाज, धुराचा रंग हे सगळं तेव्हाच कळतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, एकदा उतरलं की यातलं काहीच मोजता येत नाही, आणि मग माणूस अंदाजाने पार्ट बदलत सुटतो.

पुढचं सगळं पद्मिनीच्या 1089 सीसी पेट्रोल इंजिनाला धरून लिहिलंय. बोअर (सिलिंडरच्या पोकळीचा व्यास) 68 मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 75 मि.मी., ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालणारे, क्रँकला तीन मेन बेअरिंग. गाडी दुसरी असली तरी क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल हातात नसेल तर आजचं काम तेवढंच: आधी ते मिळवा.

## टप्पा 1: खोटे आजार बाजूला काढा

"इंजिन गेलंय" असं सांगून आणलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं इंजिन गेलेलं नसतं. पिकअप नाही, गाडी गरम होते, आयडलिंगला थरथरते, ही लक्षणं पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर आणि पाण्याच्या वाटा यांचीही असतात. म्हणून मोठ्या कामाचा विचार करण्याआधी एवढं क्रमाने करा:

1. इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा.
2. पॉइंट साफ करा किंवा बदला, गॅप लावा, मग टायमिंग लावा. आधी टायमिंग आणि मग पॉइंट केलं तर टायमिंग पुन्हा हलतं.
3. डिलकोची (प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची) कॅप, रोटर, प्लगच्या वायरी तपासा.
4. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडांतून हवा शिरते का ते बघा.
5. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम तपासा. आता पंपावर इ20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. जुनं रबर त्यात मऊ पडतं, त्याचे कण कार्बोरेटरात जातात आणि जेट अडकतो. अशी उपाशी गाडी चढावर मेल्यासारखी वागते आणि बिल रिंग-पिस्टनच्या नावाने फाटतं.
6. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि फॅनचा पट्टा बघा. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर आत क्षार धरलेला असणारच.

एवढं करून गाडी दीड-दोनशे किलोमीटर चालवा. दुखणं गेलं तर हा लेख इथेच मिटवून ठेवा.

तपासा: ऑइल किती खाते हे "खूप खाते" असं सांगू नका, मोजा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहा, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा खुणेपर्यंत आणायला किती मिली लागलं ते लिहा. मिस्त्रीशी आणि स्वतःशी बोलायला हा आकडा लागणार आहे.

## टप्पा 2: कॉम्प्रेशन मोजा, आधी कोरडं, मग ओलं

काम घरी करायचं की नाही, या निर्णयातला अर्धा भाग या एका तासात ठरतो. घाईत मोजलं तर आकडे खोटे येतात, म्हणून तयारी नीट करा.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, मग बंद करा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. चारही प्लग काढा. एकच प्लग काढून मोजायची सवय अनेकांना असते. तसं केलं की इंजिन जड फिरतं आणि आकडा कमी येतो. गेज पहिल्या सिलिंडरला लावा, चोक पूर्ण उघडा असू द्या आणि आत बसलेल्या माणसाला अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून सेल्फ मारायला सांगा. पाच-सहा आचके पुरेत. चारही सिलिंडरना तेवढेच आचके द्या. आकडा लगेच लिहा, डोक्यात ठेवू नका.

आता ओली फेरी. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा इंजिन ऑइल सोडा, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा.

आकडे असे वाचा:

- कोरड्याला कमी आणि ओल्याला चांगला चढला, तर गळती रिंग आणि बोअरमधून आहे. ऑइलने ती तात्पुरती बुजली.
- दोन्ही वेळा जवळपास सारखाच कमी, तर व्हॉल्व्ह किंवा हेड.
- शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी, तर त्यांच्या मधला हेड गॅस्केट फुटलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.
- चारही सारखे आणि चांगले, तर इंजिन उघडू नका. पुन्हा टप्पा 1 करा.

आकडा किती यावा यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर काहीतरी बिघडलंय.

माझ्या वडिलांच्या पद्मिनीचे आकडे मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिले होते, ते अजून तिथे आहेत: 128, 62, 60, 125 पौंड. ऑइल घातल्यावर मधले दोन जेमतेम दोन-तीन पौंडांनी हलले. एका जाणत्या मिस्त्रीने त्याआधी फक्त धूर बघून "ब्लॉक बोअर करावा लागेल", म्हणजे सिलिंडर कोरून मोठे करावे लागतील, असं सांगितलं होतं. हेड उतरवल्यावर दोन आणि तीन नंबरच्या मध्ये गॅस्केटची बोटाच्या पेरभर पट्टी जळून काळी पडलेली दिसली, बाकी गॅस्केट शाबूत होतं. बोअरमध्ये होनिंगच्या (बोअर बारीक घासून घेण्याच्या) तिरक्या रेषा अजून डोळ्यांना दिसत होत्या. चार आकडे लिहिले नसते तर चांगला ब्लॉक बोअरिंगच्या मशीनवर चढला असता.

सावधान: कंप्रेसरची हवा भरून गळती शोधणार असाल तर पिस्टन बरोबर वरच्या टोकाला हवा. थोडा जरी खाली असला तरी हवेच्या दाबाने इंजिन झटकन फिरतं. पंख्यापासून हात लांब ठेवा. हवा कार्बोरेटरातून सुसू करत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून असेल तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून असेल तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर.

## टप्पा 3: खालचा भाग ऐका

हेड बरं करणं एक, आणि क्रँक-बेअरिंगपर्यंत जाणं वेगळं. कुठपर्यंत जायचं ते ऑइलचा दाब आणि आवाज सांगतात.

ऑइल प्रेशरचा दिवा आयडलिंगला लुकलुकतो म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दिव्याचा स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम असताना मोजा. थंड इंजिनात दाब नेहमीच चांगला दिसतो. वापरलेली गाडी विकणारे थंड इंजिनच चालू करून दाखवतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

मग आवाज. गाडीवर भार पडताना खालून जड, बोथट ठोका येत असेल तर एकेका प्लगची वायर आळीपाळीने निष्क्रिय करून ऐका. इंजिन बंद करून वायर काढा, ती वायर अर्थला टेकवून नीट बांधा, मग चालू करा. ज्या सिलिंडरला ठोका मऊ पडतो त्याचं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) संशयास्पद. चारही वेळा ठोका तसाच राहिला आणि तो आणखी खोल वाटला तर मेन बेअरिंगकडे बघायचं.

धुराची खूण घाटात सगळ्यात चांगली कळते. खंबाटकी उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. खाली येऊन पुन्हा दाबल्यावर मागे निळ्या धुराचा एक लोट आला आणि मग साफ झाला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सील. चढताना सतत निळा धूर, तर रिंग.

सावधान: बिग एंडचा ठोका ऐकू आला की गाडी चालवणं थांबवा. "बोअरिंगवाल्यापर्यंत नेतो" म्हणून वीस किलोमीटर चालवलेल्या गाडीचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग निर्णय घ्यायला ब्लॉकच उरत नाही.

## टप्पा 4: काम कोणत्या पायरीचं आहे ते ठरवा

"स्वतः की मिस्त्री" असा प्रश्न टाकला की उत्तर चुकतं. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग (तळ सपाट करून घेणं), गाइड-सीट बदलणं ही कामं कोणीच घरी करत नाही. मिस्त्रीसुद्धा ती बाहेरूनच करून आणतो. तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच की खोलणं, मोजणं, निरोप देणं आणि बसवणं यांपैकी तुमच्या हाती काय राहील.

पहिली पायरी, फक्त हेड. गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणं, हेड फेसिंगला देणं. इंजिन गाडीतच राहतं. टॅपेट आणि टायमिंग स्वतः नीट लावता येत असेल तर हे काम घरी करा, असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन शनिवार-रविवार धरावेत, आणि फेसिंगवाल्याचे दिवस वेगळे.

दुसरी पायरी, निम्मं-निम्मं. इंजिन तुम्ही उतरवायचं, खोलायचं, मोजायचं. ब्लॉक, क्रँक आणि हेड वर्कशॉपला द्यायचं. बसवताना जाणता मिस्त्री सोबत ठेवायचा, निदान बेअरिंग आणि पिस्टनच्या दिवशी. पहिल्या पूर्ण ओव्हरहॉलला मला हाच मार्ग योग्य वाटतो.

तिसरी पायरी, सगळं स्वतः. याआधी एक तरी इंजिन कोणाच्या देखरेखीखाली बसवलं असेल तरच.

ओल्या चाचणीत आकडे चांगलेच चढले असतील तर पहिल्या पायरीवर समाधान मानू नका. झिजलेल्या बोअरवर नवं केलेलं हेड बसवलं की पैसे वरच्या भागात जातात आणि गाडी ऑइल खातच राहते.

## टप्पा 5: जागा, दिवस, कागद

जागा. पक्की फरशी, वर छप्पर, रात्री बंद होणारं दार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्या पायरीचं काम निभतं, इंजिन उतरवायचं काम निभत नाही. तिथे चेन पुली टांगायला जागा नसते आणि महिनाभर उघडी गाडी शेजारी खपवून घेत नाहीत. चेन पुली घराच्या पत्र्याच्या पाइपला किंवा लाकडी वाशाला टांगू नका. भाड्याने मिळणारी तिपाई किंवा क्रेन आणा.

ऋतू. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ब्लॉक उघडू नका. ऑइलचा हात न फिरवलेल्या बोअरवर दमट रात्रीत तांबूस गंज धरतो. दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे वर्कशॉपने महिना खाल्ला तरी जूनच्या आत इंजिन पुन्हा जोडून होतं.

हत्यारं. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने कसायचा), फीलर गेज (फट मोजायच्या पाती), कॉम्प्रेशन गेज, चांगले बॉक्स पाने, सरळ कडेची स्टीलची पट्टी, आणि जॅकखेरीज मजबूत स्टँड. टॉर्क पान्याशिवाय अ‍ॅल्युमिनियमचं हेड "हाताच्या अंदाजाने" कसणार असाल तर काम मिस्त्रीकडेच द्या, आणि त्याच्याकडेही टॉर्क पाना आहे ना ते बघा. मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घेण्याची गरज नाही. वर्कशॉपमध्ये तुमच्यासमोर मोजून घ्या.

कागद. इंजिन नंबर आरसी बुकात लिहिलेला असतो. ब्लॉक खराब निघाला तर "दुसरं इंजिन टाकून देतो" हा सल्ला लगेच मिळेल. नंबर जुळला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला, विम्याला, विक्रीला अडचण ठरलेली आहे. बदलायचंच असेल तर त्या इंजिनाचे कागद बघा आणि आधी आरटीओत विचारा. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल आणि व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर मूळ ब्लॉक वाचवण्यासाठी लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घालायचा खर्चही परवडतो.

तपासा: गाडी सहा महिने उभी राहिली तर घरात कोणाची अडचण होईल? रोजच्या वापराची एकच गाडी असेल तर मोठं काम घरी घेऊ नका. घाईत बसवलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

## टप्पा 6: पार्ट आणि वर्कशॉप, इंजिन उघडण्याआधी

मुंबईच्या रस्त्यांवर शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. टॅक्सी होत्या तोवर या इंजिनाचा पार्ट कोपऱ्यावर मिळायचा. आता तो शोधावा लागतो. कुर्ला, ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ, अशा बाजारांत स्वतः फिरा. गॅस्केट सेट, रिंग, बेअरिंग, पिस्टन यांचे कोणते साइझ खरोखर काउंटरवर आहेत ते लिहून आणा. "मागवून देतो" म्हणजे नाही असं समजा.

मग बोअरिंगच्या वर्कशॉपला जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कोणत्याही मोठ्या गावात अशी कामं करणारे जुने हात आहेत. तीन गोष्टी विचारा: बोअर मोजून आकडे लिहून देणार का, पिस्टन हातात घेऊन त्या मापाला बोअर करणार का, आणि किती दिवस. पहिल्या दोनपैकी एकालाही नाही म्हणाले तर दुसरं वर्कशॉप बघा.

इथे सगळ्यात महाग चूक होते, म्हणून क्रम पुन्हा लिहितो:

1. आधी जुना बोअर आणि क्रँक मोजा.
2. त्या मापाच्या पुढचा कोणता ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठा) पिस्टन आणि कोणतं अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या क्रँकच्या मापाचं) बेअरिंग बाजारात मिळतंय ते बघा.
3. ते विकत घ्या.
4. मग पिस्टन आणि बेअरिंगच्या मापाला बोअरिंग आणि ग्राइंडिंग.

मी एकदा न मोजता पिस्टन सेट आणला होता. ब्लॉक त्याआधीच त्या मापापुढे बोअर केलेला निघाला, आणि सेलोफेनमधले ते चार पिस्टन आजही कपाटात आहेत. याच्या उलट चूकही होते. ब्लॉक आधी बोअर करून घेतात आणि त्या साइझचे पिस्टन कुठेच मिळत नाहीत.

खर्चाचा कागद करताना सगळी बेरीज झाल्यावर दीडपट करा. वॉटर पंप, क्लच प्लेट, इंजिन माउंटिंग, ऑइल सील हे "आता उघडलंच आहे तर" म्हणून बदलले जातात, आणि बदलायलाच हवेत. दीडपट आकडा झेपत नसेल तर थांबा. उघडून ठेवलेल्या इंजिनाची किंमत बंद इंजिनापेक्षा कमी असते.

## टप्पा 7: हेड उतरवा आणि थांबा

बॅटरीची अर्थ काढा, पेट्रोलचा पाइप बंद करा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडचं पाणी काढा. प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहा.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम अ‍ॅल्युमिनियम हेड सोडलं तर ते वाकतं. मॅन्युअलमधल्या कसायच्या क्रमाच्या उलट, बाहेरून आत, प्रत्येक बोल्ट आधी पाव-पाव फेरा सोडा. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून भोकं पाडा आणि बोल्ट त्याच जागी खोचा. पुशरॉडसाठी वेगळा पुठ्ठा, 1 ते 8 नंबर. जुना पुशरॉड आणि टॅपेट आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत.

सावधान: हेड सुटत नसेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला तो ओरखडा पुढच्या गॅस्केटची गळती ठरतो. गंज सोडवणारं ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबा, लाकडी ठोकळा लावून हळू ठोका.

हेड खाली आलं की हात धुवा आणि त्या दिवशी पुढे काही खोलू नका. हा दुसरा निर्णय आहे. बघायचं ते असं:

- बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवा. नख ठळक अडकलं तर झीज बरीच झालीय. त्या कडेवर नवी वरची रिंग आपटून तुटू शकते, म्हणून अशा बोअरमध्ये "नुसत्या रिंगा टाकू" हा सल्ला मानू नका.
- पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसा. ओव्हरसाइझचा आकडा बहुतेक वेळा तिथेच ठोकलेला असतो.
- स्टीलची पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर धरा. 0.05 मि.मी.ची फीलर पात खाली सरकली तर फेसिंगला द्या.
- प्लग बसवून हेड उलटं ठेवा आणि व्हॉल्व्हवरच्या खोलगट भागात डिझेल ओता. ज्या व्हॉल्व्हखाली ओल आली तो बसत नाही.

टप्पा 2 चे आकडे आणि आता दिसतंय ते जुळलं तर ठरवलेल्या पायरीवर पुढे जा. जुळलं नाही, म्हणजे आकडे गॅस्केट सांगत होते आणि बोअरला खोल रेघा दिसतायत, तर खर्चाचा कागद पुन्हा काढा.

## टप्पा 8: खाली गेलात तर

इंजिन उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या कॅप सोडण्याआधी नंबर बघा, नसतील तर सेंटर पंचने ठिपके मारा: एक, दोन, तीन, चार. कॅप दुसऱ्या रॉडवर किंवा उलटी बसली तर बेअरिंग काही किलोमीटरांत जातं.

बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि आडव्या दिशेने मोजून घ्या. एका सिलिंडरचे सहा आकडे, चार सिलिंडरचे चोवीस. हा कागद हातात आल्यावर तिसरा आणि शेवटचा निर्णय: बोअरिंग, लायनर, की होनिंगवर भागतंय. आकडे सीमेवर असतील तर वर्कशॉपच्या जाणत्याचं ऐका, मित्राचं नको.

वर्कशॉपमधून परत आलेला ब्लॉक स्वच्छ आहे असं धरू नका. साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने बोअर घासा, ऑइलच्या वाटा तारेच्या ब्रशने आणि हवेने साफ करा, लगेच कोरडं करून ऑइल लावा. पांढरं फडकं फिरवल्यावर करडं झालं तर पुन्हा धुवा. बोअरिंगची भुकटी आत राहिली तर नव्या रिंगा तीच खाते.

## मध्येच सोडायची वेळ आली तर

असं होतं. नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, पैसे दुसरीकडे लागतात. गाडी मिस्त्रीकडे द्यायचं ठरलं तर पार्ट पोत्यात भरून देऊ नका. सुटे भाग असेंब्लीप्रमाणे वेगळ्या डब्यांत, पुठ्ठे जसेच्या तसे, फोटो क्रमाने, आणि सोबत एक कागद: कोरडे-ओले आठ आकडे, ऑइलचा गरम दाब, चोवीस मापं, काय बदललं, काय तसंच आहे. घेताना त्याच्याकडून त्या यादीवर सही घ्या. बोअरला ऑइल लावून वर प्लॅस्टिक बांधा, आणि गाडी टोइंग करून पाठवा.